ट्राउट, तरंगते बूच आणि शब्दांनी शिकवता न येणारी विद्या

आयझॅक वॉल्टन याच्या 'द कंप्लीट अँग्लर' या ग्रंथाची पहिली आवृत्ती १६५३ साली लंडनमध्ये निघाली. सतराव्या शतकातील इंग्रजी गद्याचा इतिहास शिकताना तिचा उल्लेख एखाद्या ओळीत येतो आणि मागे पडतो. या ग्रंथाच्या आरंभी वाचकांना उद्देशून जे निवेदन आहे, त्यात वॉल्टन एक चमत्कारिक गोष्ट सांगतो. हेल्स नावाच्या एका पटाईत तलवारबहाद्दराने आपली विद्या शिकवणारे पुस्तक छापले आणि लोक त्याला हसले. त्या पुस्तकात उपयुक्त असे पुष्कळ होते, परंतु ती विद्या शब्दांनी शिकवण्याजोगी नव्हती. गळाने मासे धरण्याची विद्याही त्याच जातीची आहे, असे वॉल्टन म्हणतो. आणि एवढे म्हणून झाल्यावर तीच विद्या शिकवणारा एक प्रदीर्घ संवाद तो रंगवून रंगवून लिहितो. १६७६पर्यंत, म्हणजे त्याच्या हयातीत, ग्रंथाच्या पाच आवृत्त्या निघाल्या आणि त्या काळात तो त्यात भर घालीत राहिला.

हाताची विद्या शब्दांत कशी उतरते, आणि उतरताना त्यातले काय गळून पडते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना परका नसावा. प्रस्तुत लेखात आम्ही तो एका अगदी लहान विषयापुरता घेत आहोत. इंग्लंडमधील नदीत ट्राउट हा मासा तरंगत्या बुचाच्या साहाय्याने कसा धरावा, याविषयी नवशिक्यांना केलेला उपदेश आणि त्याचा इतिहास. विषय लहान असला तरी ह्या इतिहासात एक विचित्र खंड आहे. गळाविषयीच्या सर्वांत जुन्या छापील इंग्रजी ग्रंथात ट्राउटही आहे आणि बूचही. पुढे मात्र ट्राउटची पुस्तके एकीकडे गेली आणि बुचाची दुसरीकडे. असे का झाले असावे, हे पाहावयाचे आहे.

आधी थोडी ओळख. ट्राउट म्हणजे येथे युरोपातला तपकिरी ट्राउट. अंगावर काळे-तांबडे ठिपके असलेला, थंड, स्वच्छ आणि वाहत्या पाण्यातला मासा. पाणी वीस अंश सेल्सिअसच्या वर तापू लागले की तो अस्वस्थ होतो. त्यामुळे आपल्या कृष्णा-गोदावरीत तो नाही. तो प्रवाहाकडे तोंड करून, दगडाच्या वा काठाच्या आडोशाला उभा राहतो आणि वाहत येणारे अन्न टिपतो. बुचाची रीत सांगायची तर: काठी, तिला दोरी, दोरीच्या टोकाला गळ आणि गळाला गांडूळ, गळाच्या वर वजनाचे एक-दोन मणी, आणि त्याहून वर, पाण्याच्या खोलीच्या मानाने अंतर ठेवून, बुचाचा वा पिसाच्या नळीचा तरंगता तुकडा. बूच पाण्यावर वाहते, आमिष त्याच्याखालून तळालगत वाहते, आणि माशाने तोंड लावले की बूच बुडते. आपल्याकडे कोकणात गरवायला जाणाऱ्या पोरांना यात नवीन वाटेल असे काही नाही.

सर्वांत जुना छापील ग्रंथ १४९६चा. विंकिन द वर्ड या मुद्रकाने वेस्टमिन्स्टर येथे 'बुक ऑफ सेंट ऑल्बन्स'ची दुसरी आवृत्ती काढली, तीत गळाच्या विद्येवरचा हा निबंध प्रथम छापला गेला. तो ज्युलियाना बर्नर्स नावाच्या मठाधिकारी स्त्रीने लिहिला अशी परंपरा आहे. तिला भक्कम पुरावा नाही. निबंधाची भाषा रोखठोक आहे. गळाने मासे धरण्याच्या सहा रीती त्यात मोजल्या आहेत. पहिली तळाशी आमिष सोडून ट्राउट आणि इतर मासे धरण्याची, तिसरी बूच लावून सर्व प्रकारचे मासे धरण्याची, सहावी पिसांच्या कृत्रिम माशीने ट्राउट आणि ग्रेलिंग धरण्याची. या सहांमध्ये कोणतीही उच्च नाही, कोणतीही हीन नाही. दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची. लहानग्या मिनो माशाला एक केस पुरे, ट्राउटला नऊ, मोठ्या ट्राउटला बारा आणि सामनला पंधरा. बूच कसे करावे? कमी छिद्रांचे चांगले बूच घ्यावे, तापलेल्या बारीक सळईने आरपार भोक पाडावे, त्यात पिसाची सरळ नळी बसवावी, मग ते मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळते घासावे. एका केसाच्या दोरीला वाटाण्याएवढे, दोन केसांच्या दोरीला घेवड्याच्या दाण्याएवढे, बारा केसांच्या दोरीला अक्रोडाएवढे. स्वयंपाकघरातून उचललेली ही मापे वाचताना आम्हांला पाककृतींच्या जुन्या वह्या आठवतात. जिथे तराजू नाही तिथे लिंबाएवढा गोळा घ्यावा लागतो.

या निबंधातील दोन सूचना आजच्या नवशिक्यालाही जशाच्या तशा सांगाव्यात. पहिली, वजन इतके लावावे की माशाने जरासे ओढताच बूच खाली जावे. बूच उंच तरंगत असेल तर माशाला त्याचा भार जाणवतो आणि तो आमिष सोडून देतो. ते इतपतच वर दिसावे की डोळ्यांना पुरे. दुसरी, पाण्यापासून दूर राहावे आणि आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये. नवशिके नेमके उलट करतात. काठावर ताठ उभे राहून डोकावतात, आणि मासा पहिल्या मिनिटातच निघून जातो.

परंतु त्याच निबंधाच्या शेवटी एक वाक्य येते, ज्याकडे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे असे आम्हांला वाटते. हा निबंध स्वतंत्र छोट्या पुस्तिकेच्या रूपाने छापला असता तर कोणाही रिकामटेकड्याच्या हाती पडला असता, म्हणून तो घरंदाज लोकांसाठीच्या मोठ्या ग्रंथात घातला आहे, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. मुद्रणकलेने ज्ञान सर्वांना खुले केले असे आपण वर्गात शिकवतो. येथे त्याच मुद्रणकलेचा उपयोग किमतीचे कुंपण घालण्यासाठी होत आहे. विद्या द्यायची, पण कोणाला हे ठरवून.

मराठीच्या वाचकांना याहून साडेतीन शतके आधीचे एक उदाहरण ठाऊक असते, निदान त्या ग्रंथाचे नाव तरी. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा बाराव्या शतकातला संस्कृत कोशग्रंथ. मराठी भाषेच्या आद्य पुराव्यांची चर्चा करताना त्यातल्या देशी गीतांचा उल्लेख आपण करतोच. त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे. त्यात खाऱ्या आणि गोड्या पाण्यातले सुमारे पस्तीस प्रकारचे मासे, कोणत्या माशाला कोणते खाद्य घालावे आणि गळाने तो कसा धरावा, हे सांगितले आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. तिथेही ही विद्या राजाच्या विनोदांमध्ये, म्हणजे राजेलोकांच्या करमणुकीत मोडते. त्या काठांवर रोजच्या पोटासाठी गळ टाकणारे जे असतील, त्यांनी काही लिहून ठेवलेले नाही. आपल्या भाषेत 'गळ टाकणे', 'गळाला लागणे' या प्रयोगांना फसवणुकीचाच वास आहे. गळाचा छंद हा चित्त शांत करणारा, हे वॉल्टनचे समीकरण मराठीत रुजलेले नाही. असो.

वॉल्टन जन्माने स्टॅफर्डचा, व्यवसायाने लंडनमधला व्यापारी. राजपक्षाचा आणि इंग्लंडच्या चर्चवर निष्ठा असलेला. १६४९ साली राजाचा शिरच्छेद झाला होता, आणि या माणसाने चार वर्षांनी नदीकाठच्या गप्पांचे पुस्तक काढले. त्यातला शांतपणा भाबडा नाही, एवढे त्या सनावळीवरून कळते. पुढच्या शतकांत त्याला टीकाकारही भेटले. बायरनने 'डॉन जुआन'मध्ये त्याच्या क्रौर्याची टर उडवली आहे, आणि ती अगदीच गैरलागू नाही. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो पाचव्या प्रकरणातला एक प्रसंग. गुरू पिस्केटर गांडुळावर ट्राउटमागून ट्राउट काढतो आहे. शिष्य व्हेनेटरला एकही लागत नाही. शिष्य म्हणतो, तुमची काठी मला द्या. अदलाबदल होते, तरी गुरूलाच मासे लागतात. तेव्हा गुरू एक गोष्ट सांगतो. एकाने दुसऱ्याचे गाजलेले प्रवचन मागून घेतले, शब्दन् शब्द म्हटले, आणि ते साफ पडले. तक्रार घेऊन गेल्यावर मूळ प्रवचनकार म्हणाला, मी तुला माझे सारंगीसारखे वाद्य दिले होते, गज दिला नव्हता.

आम्हां शिक्षकांना ही गोष्ट जरा झोंबणारी आहे. दुसऱ्यांच्या टिपणांवर वर्ग घेतलेल्यांना तर अधिकच. पण वॉल्टन गोष्टीवर थांबत नाही. लगेच तो एक नियम देतो: गांडुळावर ट्राउट धरताना दोरीला प्रवाहाला साजेल एवढेच शिसे असावे, मोठ्या, खळाळत्या पाण्यात अधिक, लहान, संथ पाण्यात कमी, आमिष तळाला जाईल आणि तरीही चालते राहील एवढे, त्याहून जास्त नाही. विद्या शब्दांनी शिकवता येत नाही म्हणणाऱ्याने शब्दांत दिलेला हा नियम आजवर कोणी खोडलेला नाही. येथे बुचाचा उल्लेख नाही. तरी बुचाने ट्राउट धरण्याचे अर्धे मर्म त्यात आले आहे.

उरलेले अर्धे मर्म समजण्यासाठी नदी कशी वाहते ते पाहावे लागते. नदीचे पाणी सर्व थरांत सारख्या वेगाने जात नाही. तळाच्या दगडगोट्यांशी घर्षण होऊन खालचा थर मंदावतो. वरचा थर त्याहून वेगाने जातो. बूच वरच्या थरात आहे, आमिष खालच्या. बूच मोकळे सोडले तर ते पुढे धावते आणि मागून आमिषाला फरफटत नेते; तळच्या पाण्यातली कोणतीही अळी वा गांडूळ अशा वेगाने जात नाही, आणि ट्राउटला हे माणसापेक्षा चांगले कळते. म्हणून बूच किंचित रोखून धरायचे. दोरी हलकेच आवरली की बूच वरच्या पाण्यापेक्षा सावकाश जाते आणि आमिष त्याच्या जरा पुढे, तळच्या पाण्याच्या चालीने जाते. फार रोखले तर आमिष तळ सोडून वर उचलले जाते. कमी रोखले तर मागे लोंबते. दोरीचा मधला भाग पाण्यावर पडून त्याचा फुगारा झाला तर प्रवाह तोच भाग आधी ओढतो. तेव्हा काठीचे टोक उंच ठेवून दोरी पाण्यावेगळी ठेवायची आणि पडलीच तर अलगद उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायची. हे सारे लिहायला आम्हांला एक परिच्छेद पुरला. हाताला कळायला किती दिवस लागतात ते ज्याचे त्याने पाहावे. नवशिक्याला एवढे मात्र सांगता येते की बुचाकडे पाहताना ते बुडते का हे पाहण्याआधी ते कसे चालते हे पाहावे. शेजारून वाहणाऱ्या फेसाच्या बुडबुड्यापेक्षा ते जरा मागे राहत असेल तर हात बरोबर आहे.

वॉल्टनच्या पाचव्या आवृत्तीला त्याचा तरुण मित्र चार्ल्स कॉटन याने दुसरा भाग जोडला. स्वच्छ पाण्यातले ट्राउट आणि ग्रेलिंग हा त्याचा विषय, आणि डव्ह ही त्याची नदी. कॉटन पिसांच्या माशीचा मोठा जाणकार म्हणून गाजला, आणि रास्तच. पण तळच्या मासेमारीचे दोन प्रकार, एक नुसत्या हाताने आणि एक बूच लावून, त्यानेही शिकवले आहेत, हे त्याचे नाव घेणारे बहुधा विसरतात. १६७६पर्यंत तरी माशी आणि बूच एकाच माणसाच्या हातात, एकाच पुस्तकात सुखाने नांदत होते.

फारकत झाली ती एकोणिसाव्या शतकात. त्या शतकात दोन नद्यांवर दोन वेगळ्या परंपरा वाढल्या. ट्रेंट नदीवरचे नॉटिंगहॅम हे मोजे आणि लेस विणणाऱ्या कामगारांचे शहर. तिथे दूरवर बूच सोडण्याची एक रीत घडली. लाकडी रीळ, त्याला दातेरी चाके नाहीत, एका आसावर ते फुंकरीसरशी फिरावे असे. बारीक रेशमी दोरी. आणि बोट रिळाच्या कडेवर. प्रवाह बूच ओढतो, बूच दोरी ओढते, रीळ फिरते, आणि तीस-चाळीस यार्ड खालपर्यंत आमिष तळच्या चालीने जाते. बोटाच्या दाबाने ते रोखायचे. वर सांगितलेले रोखून धरणे येथे बोटाच्या टोकावर आले. या रीतीवर पुस्तके झाली ती उशिरा. नॉटिंगहॅमच्या विल्यम बेलीचे मार्गदर्शक १८५७चे. 'ट्रेंट ऑटर' या टोपणनावाने लिहिणाऱ्या जे. डब्ल्यू. मार्टिनने या रीतीची सांगोपांग पुस्तके १८८०च्या दशकापासून लिहिली. मधल्या काळात, १८६७ साली, फ्रान्सिस फ्रान्सिस या प्रतिष्ठित संपादकाने आपल्या मोठ्या ग्रंथात नॉटिंगहॅमच्या रीतीला मानाने जागा दिली होती.

दुसरी नदी हॅम्पशायरमधली टेस्ट. खडूच्या खडकातून झिरपून आलेले, आरस्पानी आणि संथ पाणी. तिच्यावरचा हौटन क्लब १८२२ सालचा. तिथल्या पाण्यावर फ्रेडरिक हॅलफर्डने 'फ्लोटिंग फ्लाइज अँड हाउ टु ड्रेस देम' (१८८६) आणि 'ड्राय-फ्लाय फिशिंग इन थिअरी अँड प्रॅक्टिस' (१८८९) ही पुस्तके लिहिली. पाण्यावर तरंगणारी कोरडी माशी, आणि तीही वर आलेल्या, डोळ्यांना दिसणाऱ्या ट्राउटपुढेच टाकायची. त्या पाण्यावर ही रीत विलक्षण फलदायी आहे यात शंका नाही. पण हॅलफर्डच्या अनुयायांनी तंत्राचे शील करून टाकले. जो असे करीत नाही तो कमी कौशल्याचा, आणि हळूहळू कमी सभ्यतेचा. पाण्याखाली बुडणाऱ्या अळीची प्रतिकृती वापरणाऱ्या जी. ई. एम. स्क्यूजलाही त्यांनी सोडले नाही. स्क्यूजचे पहिले पुस्तक १९१०चे, आणि १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात ह्या प्रश्नावर रीतसर वादसभा झाली. पिसांचीच माशी, पण चार बोटे खाली, एवढ्यावर हे महाभारत. मग गांडूळ आणि बूच यांना त्या दरबारात कोण विचारतो?

भाषेनेही हात दिला. इंग्रजीत सामन आणि ट्राउट यांना शिकारीचे, खेळाचे मासे म्हणतात; उरलेल्या गोड्या पाण्यातल्या माशांना जो शब्द आहे त्याचा सरळ अर्थ जाडाभरडा असा होतो. बूच जाड्याभरड्या माशांच्या पुस्तकांत गेले, ट्राउट खेळाच्या माशांच्या पुस्तकांत. ग्रंथालयातल्या दोन फळ्यांच्या मधल्या फटीत बुचाने ट्राउट धरण्याची रीत पडली. ती रीत निरुपयोगी ठरली म्हणून पडली, असे म्हणायला आधार दिसत नाही. उत्तरेकडच्या खडकाळ, पावसाने गढूळ होणाऱ्या नद्यांवर कोरड्या माशीचा संप्रदाय अनेकदा हतबल असतो. तिथे गांडुळाचे काम चालूच राहिले. स्कॉटलंडच्या डब्ल्यू. सी. स्ट्यूअर्टने १८५७ साली 'द प्रॅक्टिकल अँग्लर'मध्ये स्वच्छ पाण्यात गांडूळ टाकणे हे किती कसबाचे काम आहे हे दाखवून दिले होते. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, तेव्हा त्याच्या पाठीमागून, म्हणजे खालच्या अंगाने वर सरकत जावे, हा त्याचा आग्रह होता. जी रीत गरिबांना परवडते ती सोपी असणारच, हा समज आपल्याकडे लोककलांच्या बाबतीत जसा वावरतो तसाच तिथे गळाच्या बाबतीत वावरला, असे आमचे मत आहे. लावणीच्या अभ्यासकाला हे अधिक सांगावे लागू नये.

आज इंग्लंडमध्ये पुष्कळ ट्राउट-पाण्यांवर फक्त माशीलाच परवानगी असते. तेव्हा नवशिक्याने सरकारी परवाना काढावाच, शिवाय त्या पाण्याचा मालक वा क्लब गांडुळाला मुभा देतो का हे आधी विचारावे. उत्तरेकडे अशी पाणी अजून सापडतात. दिवस निवडावा तो पावसानंतरचा, पूर ओसरून पाणी चहासारखे तांबूस झालेले असेल असा. बूच घेवड्याच्या दाण्याएवढे पुरे. गळाला जड तुकडा अडकवून आधी खोली मोजावी आणि आमिष तळाच्या दोन-तीन बोटे वर राहील असे बूच सरकवावे. जवळच्या पाण्यापासून सुरुवात करावी. पहिल्याच फेकीत पलीकडचा काठ गाठणारा मधले सगळे मासे घाबरवतो. मासा लहान निघाला तर हात ओला करून धरावा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि पाण्यातच सोडून द्यावा. एका धारेतून तीनदा बूच सोडून काही झाले नाही तर जागा बदलण्याआधी वजनाचा मणी बोटभर वर किंवा खाली करून पाहावा. बूच थबकले की काठी अलगद उचलावी, हिसका देऊ नये. पहिल्या दिवशी बहुतेक वेळा त्याला थबकवणारा दगडच असतो.